पिकपची खांदशेकणी

पोळा तीन दिवसांवर आला आणि आनंदाबाई राऊतांच्या पिकपनं आपली चावी ओळखणं सोडलं.

एरवी गावानं याची दखलही घेतली नसती. गाडी अठरा वर्षांची. हँडब्रेक कधीचाच संन्यास घेऊन बसलेला, म्हणून आनंदाबाईंचा मुलगा धीरज गाडी नेहमी पहिल्या गेअरात टाकूनच उभी करायचा. डाव्या दाराला न्हाणीघराची जुनी कडी. काच खाली करायची तर दोन्ही तळव्यांत धरून, लेकराचे गाल ओढावेत तशी ओढायची. पण गाडी संत्र्याचे कॅरेट घेऊन बाजार गाठायची, सोयाबीनची पोती वाहायची, आणि ज्याला काम जमतं त्याचं वय विचारणं हे रिकामटेकड्या माणसांचं लक्षण आहे, असं आनंदाबाईंचं मत होतं. हा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतल्यामुळे त्यांच्या वयाबद्दल गावात नुसते अंदाज होते.

यंदा मात्र प्रश्न मानाचा होता.

पोळ्याच्या दिवशी मारोतीच्या देवळापुढच्या तोरणाखालून पहिली जोडी राऊतांची जायची. कधीपासून, ते कोणालाच ठाऊक नव्हतं; म्हणजे नक्कीच फार पूर्वीपासून. दोन वर्षांमागं राऊतांचे बैल म्हातारपणानं गेले. गेल्या साली आनंदाबाईंनी माहेरची जोडी आणून वेळ भागवली, आणि तेव्हाच मागच्या गल्लीतल्या किसनरावांच्या पोटात दुखायला लागलं. किसनरावांकडे बैलजोडीही होती, नवं ट्रॅक्टरही होतं, आणि मान तेवढा नव्हता. यंदा त्यांनी सरळ ग्रामसभेत विषय काढला.

"ज्याच्या कोठ्यात जोडी नाई, त्याले मान कायचा?"

आनंदाबाई उठल्या. त्या उठल्या की सभेतले पुरुष आपोआप मांडी बदलत.

"माह्या कोठ्यात पिकप हाये. वावरातला माल कोन वाह्यते? पिकप वाह्यते. जो बैलाचं काम करते, थो बैल."

"जोडी लागते, वैनी. जोडी म्हंजे दोन."

"दोन दिवे हायेत तिले. ये घरी, मोजून घे."

सभा हसली, आणि हसलेली सभा म्हणजे अर्धा पास झालेला ठराव. पण किसनरावही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते म्हणाले, "चालते ना. पन बैलाले कोनी ढकलत नाई. गाडी सोताच्या पायानं तोरनाखालून गेली पायजे. धक्का माराची पाळी आली, तं मान माह्या घरी. कायमचा."

"धक्का तुह्या ट्रॅक्टरले लागन. माही गाडी एका चावीत सुरू होते."

हे खरं नव्हतं. त्या गाडीची चावी आत घालायची, स्टिअरिंगला डाव्या मुठीनं एक ठोसा द्यायचा, चावी जराशी आपल्याकडे ओढायची, श्वास रोखायचा आणि मग फिरवायची. हे एकट्या धीरजला जमायचं आणि त्यालाही उपाशीपोटी जमत नसे. पण ग्रामसेवकांनी "गाडी धक्का न मारता स्वतःच्या पायाने गेल्यास मान राऊत यांचा" एवढं वहीत लिहून घेतलं आणि ती आनंदाबाईंपुढं करून म्हटलं, "सही करा, नाहीतर अंगठा…"

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. कारण आनंदाबाईंनी पेन काढून घेतलं होतं.

या सहीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. आनंदाबाई शाळेत गेल्या त्या दीड महिना. नंतर घरची म्हैस व्याली आणि शिक्षण संपलं. पुढं सगळी उमर त्यांनी कागदांवर अंगठे उमटवले. दोन वर्षांपूर्वी सून मंजुषानं, जी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे, पावसाळाभर रोज चुलीपुढं बसवून त्यांना सही शिकवली. "सौ. आनंदाबाई नत्थूजी राऊत." ही सही पूर्ण एक ओळ खायची, वेळ पाच मिनिटं घ्यायची, आणि शेवटचं टिंब तर त्या कपाळावर कुंकू टेकवावं तसं नीट मध्यभागी टेकवायच्या. त्या दिवसापासून त्यांनी घरात जाहीर केलं होतं, "आता हा अंगठा मी मेल्यावरच कोनाले भेटन."

तर असा सगळा मान वहीत लिहिला गेला, आणि तिसऱ्याच दिवशी गाडीनं दगा दिला. तोही कुठं, तर कारंज्यात, भर हायवेवर, ढाब्यासमोर.

आनंदाबाई धीरजला घेऊन गाडीचा साज आणायला गेल्या होत्या. झूल घेतली, बाशिंग घेतलं, घुंगरमाळ घेतली. दुकानदारानं विचारलं, "काकू, बैलाची मान केवढी?" आनंदाबाई म्हणाल्या, "धा बाय पाच फूट." दुकानदारानं मोजपट्टी गल्ल्यात ठेवून दिली. परत येऊन धीरजनं चावी घातली, ठोसा दिला, ओढली, श्वास रोखला. चावी फिरेना. दुसरा ठोसा. तिसरा. चौथ्या ठोशाला हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. ढाब्यावरचे ट्रकवाले खाटेवरून उठून बसले.

नेमकं तेव्हाच किसनरावांचं ट्रॅक्टर बाजूला येऊन थांबलं. शेजारी मडगार्डवर त्यांची बायको रुख्माबाई.

"काय वैनी, मानाची जोडी बसली वाट्टे?"

"बसली नाई," आनंदाबाई हॉर्नच्या वर आवाज काढून म्हणाल्या. "रवंथ करून राह्यली."

"व माय, नजर लागली असन," रुख्माबाई म्हणाल्या. "लिंबू-मिरची बांधत जाय व माय."

"बांधली हाये ना. पन नजर लावनारे ट्रॅक्टरवरून येतात, तिथपर्यंत लिंबू पुरत नाई."

शेवटी चावी कशीबशी एक घर फिरली आणि चार ट्रकवाल्यांनी धक्का मारला तेव्हा गाडी सुरू झाली. हे सगळं किसनरावांनी मोबाइलवर घेतलं आणि आनंदाबाई घरी पोचण्याआधी ते गावाच्या ग्रुपवर पोचलं. आनंदाबाई मोबाइल वापरत नसत. पण गल्लीतून जाताना माणसं आपल्याकडे न बघता गाडीच्या मागं बघतायत, एवढं कळायला मोबाइल लागत नाही.

घरी धीरज म्हणाला, "माय, लतीफ मिस्त्रीले बलावतो."

"त्याचं नाव घेऊ नको."

लतीफ हा कारंज्यातला गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री. हात चांगला, जीभ वाईट. मागच्या साली त्यानं या गाडीचं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं आणि म्हटलं होतं, "काकू, हिले आता भंगारात निजू द्या." त्या दिवसापासून राऊतांच्या घरात त्याचं नाव बंद होतं. गाडी सासुरवाशिणीसारखी असते, तिला घरच्यांनी बोलावं. परक्यानं बोललेलं आनंदाबाई खपवून घेत नसत.

मग शेजारचे मधुकरराव आले. मधुकररावांनी आर्वी डेपोत बत्तीस वर्षं काढली होती. पैकी बत्तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत. गाड्यांशी त्यांचा संबंध एवढाच, की कुठली गाडी आलेली नाही हे ते भोंग्यावरून सांगायचे. पण डेपो तो डेपो. त्यांनी चावी डोळ्याशी धरली, भोकाला नाक लावलं आणि निदान केलं.

"वहिनी, कुलूप कोरडं पडलंय. यात तेल घालायचं नसतं. पेन्सिलीचं शिसं घालायचं असतं. डेपोत सगळे असंच करायचे."

"तुमी कितीदा केलं, भाऊजी?"

"मी पाहिलंय."

सल्ला खरं म्हणजे चांगला होता. शिसं खरवडून त्याची पूड करून घालायची असते. पण ते मधुकररावांना खिडकीतून दिसलं नसावं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, नत्थूजींकडून विळ्यावर तिला सुईसारखं टोक करून घेतलं, ती चावीच्या भोकात खुपसली आणि फिरवली. टक्क असा आवाज झाला. पेन्सिल बाहेर आली. टोक आत राहिलं.

सगळे भोकाकडे बघत उभे राहिले. नत्थूजी, म्हणजे आनंदाबाईंचे यजमान, दिवसाला साधारण चार वाक्यं बोलत आणि त्यातली दोन जेवणाबद्दल असत. त्यांनी त्यातलं एक तिथं खर्च केलं.

"आदी चावी आत तं जात होती."

आता ती अर्धीच जाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी मंजुषानं शाळेतून रजा टाकली आणि सासू-सून एसटीनं वर्ध्याला गेल्या. तिथं गाडीच्या कंपनीचं काचेच्या दाराचं दुकान. गाडीच्या नंबरावरून नवं कुलूप, नवी चावी मिळते, असं मंजुषानं शोधून काढलं होतं. मिळतही होतं. काउंटरवरच्या चष्मेवाल्या बाबूंनी गाडीचं पुस्तक बघितलं, आधार बघितलं, संगणकात बघितलं, आणि एक फॉर्म पुढं सरकवला.

"मालकीण कोण?"

"मी," आनंदाबाई म्हणाल्या. गाडी त्यांच्याच नावावर होती. त्यांनी पदर सावरला, पेन मागितलं आणि सही करायला बसल्या. मागं रांग लागली. एक माणूस बाहेर जाऊन चहा पिऊन आला. शेवटी टिंब टेकवून त्यांनी फॉर्म परत दिला.

बाबूंनी सही पाहिली. मग संगणक पाहिला.

"आजी, आमच्याकडे मालकाचा अंगठा आहे. सही जुळत नाही."

"अंगठ्याले सही कशी जुळन बापा?"

"तेच म्हणतोय. अंगठा द्या. हा पॅड."

"थो अंगठा माहाच होता."

"हो ना, म्हणून तोच लागेल."

"अन् हे सही कोनाची हाये? शेजारनीची?"

"आजी, नियम आहे. कुलूप-चावीचा मामला. उद्या कोणीही येऊन सही करेल."

"कोनीबी कशी करन? मले शिकाले अख्खा पावसाळा लागला!" आनंदाबाई उभ्या राहिल्या. "मले सांगा साहेब, तुमी चालाले शिकल्यावर पुन्हा रांगत आलते का हापिसात?"

मंजुषानं त्यांचा हात धरला. "आई, द्या ना एकदा. पोळा परवावर आला."

"मंजुषा, तूच शिकोलं ना मले?"

"हो."

"मंग तूच पुसून टाकतं का?"

मंजुषानं हात सोडला. बाबू म्हणाले, सही बदलायची असेल तर वेगळा अर्ज, सोबत दोन फोटो, आणि तो अर्ज वर जाऊन यायला पंधरा दिवस. आनंदाबाईंनी विचारलं, वर म्हणजे कोणत्या मजल्यावर, मी नेऊन देते. वर म्हणजे पुण्याला, असं कळलं.

परतीच्या एसटीत त्या आर्वीपर्यंत तिकिटाची घडी घालत आणि उलगडत बसल्या. घरी पोचल्यावर मात्र त्यांनी दारावरची घंटी अशी वाजवली की मधुकररावही बाहेर आले. ही घंटी मंजुषानं हौसेनं बसवली होती, पण तिचं बटन फार मानी होतं. बोटाच्या टोकानं दाबून पाहुणे थकत आणि शेवटी हाका मारत. उजव्या खालच्या कोपऱ्यावर पूर्ण अंगठा टेकवून, वर अंगाचं वजन दिलं, तरच ती वाजे. घरात ही कला एकट्या आनंदाबाईंना साधली होती.

आता पोळ्याची आदली संध्याकाळ. या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर बैलाच्या ज्या खांद्यावर जू बसतं, तो खांदा गरम तूप-हळदीनं पळसाच्या पानांनी शेकायचा आणि त्याच्या कानात आवतन द्यायचं. राऊतांच्या घरी हे कधी चुकलं नव्हतं. गाडीचंही करायचं, हे ठरलेलं होतं. पण ऐनवेळी एक शास्त्रार्थ निघाला, की पिकपला खांदा कुठं असतो?

मधुकरराव म्हणाले, बॉनेट. धीरज म्हणाला, पुढची चाकं. रुख्माबाई सहज म्हणून साखर मागायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "जिथून धक्का मारतात थे जागा असन." त्यांना साखर मिळाली नाही.

आनंदाबाईंनी वाटीतलं तूप हलवत विचार केला. "खांदा म्हंजे काय? जिथं सारं ओझं येते थो. ह्या गाडीचं सारं ओझं आता कुठी आलं? चावीच्या भोकावर. तिथंच दुखते, तिथंच शेका लागन."

त्यांनी पळसाचं पान गरम केलं, तूप-हळदीत बुडवून भोकाभोवती फिरवलं, आणि मग उरलेलं कोमट तूप पळीनं सावकाश, धार न तोडता, आत सोडलं. वाकून भोकात म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आणि चावी घातली. ती आत गेली. पूर्ण गेली. धीरजनं ठोसा न देता फिरवली, आणि गाडी सुरू झाली.

तुपानं ते शिसं भिजवलं म्हणा, कुलूप सैल झालं म्हणा. पण अंगणात त्या वेळी हे कोणी म्हणालं नाही. आनंदाबाईंनी गाडी तीनदा बंद करवली, तीनदा सुरू करवली. तिसऱ्यांदा तर फाटक उघडून, मागच्या गल्लीला ऐकू जाईल अशी. इथंच थांबल्या असत्या तर ही गोष्टही इथंच थांबली असती. पण आवतन दिल्यावर पाहुण्याचं तोंड गोड करावं लागतं. मघाशी जो खांदा होता तोच आता तोंड झाला, आणि त्यांनी चांगला बोराएवढा गुळाचा खडा मळून मऊ केला आणि प्रेमानं अंगठ्यानं त्या भोकात दाबला.

पोळ्याच्या सकाळी धीरजनं गाडीचं दार उघडलं तर स्टिअरिंगवरून काळ्या मुंग्यांची एक शिस्तीची रांग चालली होती. येणाऱ्या डावीकडून, जाणाऱ्या उजवीकडून. गूळ रात्रीतून चिक्कीसारखा बसला होता. चावी टोकभरही जाईना.

"माय!"

आनंदाबाई आल्या. बघून घेतलं. तोरणाची वेळ दुपारी चारची. अंगणात झूल, बाशिंग, घुंगरमाळ तयार. चुलीवर पुरण शिजत होतं. त्या ओट्यावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "किसनराव काही बोलनार नाई. नुसता हसन. अन् मंग दरसाल हसन."

तेवढ्यात फाटकात मोटारसायकल थांबली. लतीफ मिस्त्री.

"कोनं बलावलं याले?"

नत्थूजी पायातली वहाण शोधू लागले. ती त्यांच्या पायातच होती.

लतीफनं आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग म्हणाला, "काकू, तूप हाये, हळद हाये, गूळ हाये. थोडा रवा टाकला असता तं नैवेद्य झाला असता."

"जीभ घरी ठेवून काम कर. होते का नाई?"

"कुलूप मेलं. नवं लागन."

"नवं पुन्याहून येते. पंधरा दिवस."

"मंग कुलूपच नको." त्यानं पान्यानं सगळं कुलूप उपटून काढलं, मुंग्यांसकट, आणि तारा मोकळ्या केल्या. "एक खटका लागन, गाडीत करंट सोडाले. अन् एक बटन, स्टार्टरले. खटका हाये माह्याजवळ. बटन नाई. आज पोळा, बाजार बंद."

सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मंजुषानं दारावरच्या घंटीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून हळूच "अगं बाई" असं निघालं, तोवर लतीफचा स्क्रू-ड्रायव्हर तिकडं निघालाही होता.

तासाभरात स्टिअरिंगशेजारी एक लाकडी पाटी बसली. तिच्यावर खोलीतल्या दिव्याचा असतो तसला खटका आणि खाली घंटीचं चित्र असलेलं बटन. लतीफनं खटका टाकला, आपल्या पान्यासारख्या अंगठ्यानं बटन दाबलं, आणि गाडी गुरगुरून उठली. आनंदाबाईंनी एवढंच म्हटलं, "जेवून जाजो." लतीफला माफी मिळाली होती, पण ती पुरणपोळीच्या रूपात होती.

चार वाजता मारोतीपुढं गाव जमलं. एका बाजूला किसनरावांची जोडी, शिंगं लाल, पाठीवर आरशांची झूल. समोर, सगळ्यांच्या पुढं, तोरणापासून दोन हातांवर, राऊतांची पिकप. बॉनेटवर झूल, कपाळावर बाशिंग, आरशांना घुंगरमाळा. स्टिअरिंगवर धीरज. गाडीच्या डाव्या बाजूला उभ्या आनंदाबाई, हिरवं नऊवारी नेसून, आरतीचं ताट घेऊन. गाडी चालूच होती. बंद करायची नाही, असं घरून ठरवून आले होते.

पण झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात एकमेकांना चिमटे काढणारी ही गाणी मोठ्यानं म्हणायची रीत आहे. पहिली पाळी किसनरावांची. त्यांनी कानाला हात लावला.

"अरे, ऐकू काय जाईन? बंद करा थे इंजिन. बैल का ओरडून राह्यला झडतीत?"

लोकांनीही ओरड केली. धीरजनं आईकडे पाहिलं. आईनं नाइलाजानं मान हलवली. त्यानं खटका पाडला, गाडी बंद झाली, आणि सवयीनं त्यानं पहिला गेअर टाकला. किसनरावांनी गळा काढला,

"राऊताच्या दारी बाप्पा नवी जोडी आली,
चारा नाई, कडबा नाई, डिझल किती पेली!
शिंगं नाई, शेपूट नाई, चावी हिची मेली,
ढकला रे ढकला, पोट्टेहो, हर हर महादेव!"

गावानं टाळ्या पिटल्या. आनंदाबाईंनी ताट घट्ट धरलं. पुजाऱ्यानं तोरण उचललं. धीरजनं बटन दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. बोटाच्या टोकानं, शिकलेल्या माणसासारखं, हलकेच. मग जोरानं. मग दोन बोटांनी. गाडी ढिम्म. "लतीफले आनतो," म्हणून तो उतरला आणि घराकडे पळत सुटला. लतीफ तिकडं चौथ्या पुरणपोळीवर होता.

किसनराव पुढं आले. आवाजात साखर. "वैनी, लाजू नका. पोट्टे हायेत, एक धक्का मारून देतात."

चार जण खरोखरच गाडीच्या मागं गेले. कोणी मोबाइल वर धरले.

"हात लावान तं हात तोडीन!" आनंदाबाईंनी ताट मंजुषाच्या हाती दिलं, नऊवारीचा काष्टा सावरला, न्हाणीघराची कडी काढली आणि डावीकडून आत चढून स्टिअरिंगपुढं सरकल्या. गाडी त्यांना चालवता येत नव्हती. पण समोरची ती घंटी त्यांच्या घरची होती, आणि ती कशानं बोलते हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी अंगठा पुढं केला. आणि थांबल्या.

"काय वैनी," किसनराव बाहेरून म्हणाले, "शेवटी अंगठाच लावून राह्यल्या का?"

गाव हसलं. मंजुषाला वाटलं, आता या उतरतील. आनंदाबाईंनी अंगठ्याकडे बघितलं. सही शिकल्यापासून त्याला कुठं टेकवायचं नाही असं ठरलं होतं. मग त्यांनी तो बटनाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर टेकवला, अन् अंगाचं होतं नव्हतं तेवढं वजन त्याच्यावर टाकलं.

घर्र.

गाडी एक पाऊल पुढं सरकली.

घर्र. घर्र. दुसरं पाऊल. तिसरं. इंजिन सुरू झालंच नव्हतं. गाडी गेअरात होती, आणि आनंदाबाईंचा अंगठा तिला नुसत्या स्टार्टरवर ओढत नेत होता, जुना बैल चिखलातून पाय उपसत जातो तशी, मान हलवत, घुंगरं वाजवत. आंब्याची पानं काचेवर घासली. बाशिंग तोरणात अडकलं आणि तोरणच गाडीबरोबर निघालं. "हर हर महादेव!" कोणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच ओरडले. तोरणापलीकडं दोन हात गेल्यावर आनंदाबाईंनी अंगठा उचलला. गाडी थांबली.

पहिल्यांदा सावरले ते किसनराव. "हे नाई चालनार! इंजिन कुठी सुरू झालं?"

तेव्हा मधुकरराव मारोतीच्या ओट्यावर चढले. बत्तीस वर्षांच्या चौकशीच्या खिडकीचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच एका आलेल्या गाडीसाठी काढला. "ग्रामसेवक साहेब, वही वाचा!"

ग्रामसेवकांनी वही काढली. "गाडी धक्का न मारता स्वतःच्या पायाने गेल्यास…"

"धक्का मारला कोणी?"

कोणीच मारला नव्हता. गाडीमागचे चौघे अजून तोंड उघडं टाकून जागच्या जागी उभे होते, आणि हेही कोणीतरी मोबाइलवर घेतलं होतं.

"पन एका चावीत सुरू होते म्हने!" किसनरावांनी शेवटचं अस्त्र टाकलं. "चावी कुठी हाये?"

आनंदाबाईंनी काच दोन्ही तळव्यांत धरून खाली ओढली आणि मान बाहेर काढली.

"चावी लागलीच नाई, किसनराव. तुह्या ट्रॅक्टरले लागते ना अजून?"

लतीफ तोंड पुसत, धापा टाकत आला. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "खटका तं बंदच हाये! बंद गाडी चालवली काकूनं." मग त्यानं आनंदाबाईंच्या अंगठ्याकडे पाहिलं, तो चांगला लाल झाला होता, आणि भंगाराबद्दल पुन्हा कधी काही बोलला नाही.

पोळा होऊन तीन आठवडे झाले. राऊतांच्या दारावर आता घंटीच्या जागी दोन भोकं आहेत. पाहुणे हाका मारतात आणि पहिल्यापेक्षा लवकर दार उघडतं. जुनी चावी देव्हाऱ्याच्या खिळ्याला टांगली आहे. धीरजनं अंगठ्याची कला थोडीफार आत्मसात केली आहे, पण उपाशीपोटी त्याला अजून जमत नाही.

परवा वर्ध्याहून चष्मेवाल्या बाबूंचा फोन आला. मंजुषानं तो आनंदाबाईंच्या कानाला लावला.

"आजी, तुमच्यासाठी वरून खास परवानगी आणली. अर्ज नको, फोटो नको. फक्त एकदा येऊन अंगठा देऊन जा. कुलूप तयार आहे. कधी येता?"

"सही घेता का?"

"नाही हो, अंगठाच लागेल."

"मंग जमनार नाई, साहेब," आनंदाबाई म्हणाल्या. "मी हाये रिकामी. थो कामावर हाये."